झाडं आधी, मासे मागाहून: आफ्रिकन सिक्लिडच्या टाकीत हिरवळ टिकवायची रीत

आफ्रिकन सिक्लिड म्हणजे आफ्रिकेच्या मोठ्या सरोवरांतले मासे. ‘आफ्रिकन सिक्लिड झाडं ठेवत नाहीत’ हे वाक्य तुम्ही ऐकलं असेलच. मीही ऐकलं होतं, आणि पहिल्या टाकीनंतर त्यावर विश्वासही बसला होता. संध्याकाळी व्हॅलिस्नेरियाच्या, म्हणजे लांब पट्टीसारख्या पानांच्या पाणवनस्पतीच्या, वीस काड्या लावल्या. सकाळी वीसच्या वीस पाण्यावर तरंगत होत्या, मांडवाचं तोरण तुटून पडावं तशा. चिडून एकेक काडी हातात घेऊन पाहिली, तर एकाही पानाला चावा नव्हता. माशांनी झाडं खाल्ली नव्हती, उपटली होती. वाळू उकरणं हा त्यांचा रोजचा उद्योग, आणि मी नेमकी त्यांच्या वाळूत लावणी केली होती. तीही ते महिनाभर टाकीत मुरल्यानंतर. वरातीमागून घोडं.

तेव्हापासून ज्यांच्या टाक्या पाहिल्या, त्यांतल्या बहुतेकांची चूक हीच. झाड वाईट नसतं, मासाही फार वाईट नसतो, क्रम उलटा असतो. दुसरी चूक खास आपल्या कोकण किनाऱ्याची आहे. आपल्या चिऱ्याच्या विहिरीचं पाणी मऊ, म्हणजे कमी क्षारांचं, आणि हे मासे जड पाण्यातले. पाणी जड करायच्या नादात लोक काय काय ओततात ते पुढे येईलच.

खालची मापं चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच टाकीची आहेत. दगड-वाळू घालून आणि वर थोडी जागा सोडून तिच्यात साधारण २०० लिटर पाणी राहतं. मासे मलावी सरोवराचे धरले आहेत. सुरुवात शक्यतो ऑक्टोबर-नोव्हेंबरात करा. पावसाळ्यात विहिरीचं पाणी रोज बदलतं, मे महिन्यात टाकी तापते. दोन्ही वेळी नवं झाड रुजवणं जिकिरीचं.

टप्पा १: आधी पाणी ओळखा

टाकी भरण्याआधी एक बादली पाणी आणा, त्यात एअर पंपाची नळी सोडा आणि चोवीस तास बुडबुडे चालू ठेवा. मगच तपासा. जांभ्यातून झिरपलेल्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड बराच असतो, त्यामुळे उपसल्या उपसल्या पीएच खोटाच कमी दिसतो. हवा खाल्ल्यावर दिसतो तो खरा.

तीन गोष्टी मोजायच्या: पीएच, केएच आणि जीएच. थेंबांचे किट घ्या, कागदी पट्ट्यांवर विसंबू नका. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, मोजायचा मीटर असला तर चांगलंच, पण त्यावरून केएच कळत नाही. किनाऱ्याजवळच्या विहिरीत मीठ उतरलेलं असेल तर टीडीएस भरपूर दिसेल आणि केएच तरीही दोनच निघेल.

केएच म्हणजे पाण्याची पीएच धरून ठेवायची ताकद. जीएच म्हणजे त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम. नवखा माणूस फक्त पीएचच्या मागे धावतो. पीएच आज वर नेता येतो, पण केएच नसेल तर चार दिवसांत तो पुन्हा खाली घसरतो, आणि ही चढउतार माशांना आणि झाडांना दोघांनाही मारते.

आमच्याकडे टाकी बघायला येणारा तिसरा माणूस तरी विचारतोच, ‘मग खाडीचं पाणी घातलं तर?’ नाही. मलावी, टांगानिका, व्हिक्टोरिया ही तिन्ही गोड्या पाण्याची सरोवरं आहेत. त्यांचं पाणी जड आहे, खारं नाही. खाडीचं पाणी नको, समुद्राचं नको, मूठभर खडेमीठही नको. मिठाने माशांचं काही भलं होत नाही आणि झाडांची पानं मात्र विरघळायला लागतात.

मलावीचा पीएच साधारण ७.७ ते ८.६ असतो. झाडांसकट टाकी ठेवायची तर पीएच ७.८ ते ८.२ आणि केएच-जीएच दोन्ही ८ च्या आसपास, इथे थांबा. टांगानिकाचा पीएच ९ च्या घरात जातो. तिथले मासे झाडांना कमी त्रास देतात, पण पाणीच बऱ्याच झाडांना सोसत नाही.

टप्पा २: पाणी जड करा, पण स्वयंपाकघरातल्या डब्यावरचं नाव वाचून

केएच वाढवायला खाण्याचा सोडा लागतो, म्हणजे सोडियम बायकार्बोनेट. १०० लिटरला ३ ग्रॅम सोड्याने केएच एक अंशाने वाढतो. तुमचं पाणी केएच २ चं असेल आणि ८ वर न्यायचं असेल, तर २०० लिटरला ३६ ग्रॅम. मॅग्नेशियमसाठी एप्सम सॉल्ट: १०० लिटरला साधारण साडेचार ग्रॅमने जीएच एक अंश चढतो. चार अंश एप्समने चढवा, म्हणजे २०० लिटरला ३५-३६ ग्रॅम. उरलेलं कॅल्शियमकडून घ्यायचं, आणि ते आपल्याकडे अंगणात पडलेलं असतं.

तिसऱ्या, कालवं, शिंपले यांची कवचं म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. जेवणातल्या तिसऱ्यांची कवचं बाजूला काढा, उकळा, आत चिकटलेलं मांस ब्रशने घासून काढा, दोन-तीन दिवस गोड्या पाण्यात पाणी बदलत बुडवून ठेवा, आणि मग पंधरा दिवस कडक उन्हात वाळवा. वास पूर्ण गेला पाहिजे. फडक्यात बांधून वरवंट्याने भरड करा. अशी किलोभर भरड कांद्याच्या जाळीत घालून फिल्टरमध्ये, पाणी जोरात वाहतं तिथे ठेवा.

शिंपल्यांकडून चमत्काराची अपेक्षा नको. पीएच आठच्या जवळ गेला की ते विरघळायचे जवळजवळ थांबतात. म्हणून जीएच मोजताना दोनेक अंश कमी दिसला तरी घाई करू नका, दर आठवड्याला थोडा चढतो. पाणी आंबट व्हायला लागलं की शिंपले आपोआप विरघळायला लागतात. ती शिल्लक पुंजी समजा. रोजचा खर्च सोड्याने भागवायचा.

सावध: चार गोष्टींची गल्लत जीवघेणी आहे. धुण्याचा सोडा वेगळा, खाण्याचा वेगळा. बेकिंग पावडर म्हणजे बेकिंग सोडा नव्हे, तिच्यात आम्ल आणि पीठ मिसळलेलं असतं. आणि चुना, मग तो पानाच्या टपरीवरचा असो की भिंतीचा, टाकीच्या आसपासही आणू नका. शिंपल्यापासूनच भाजून केलेला असला तरी भाजल्यावर आणि विरल्यावर तो वेगळाच पदार्थ होतो आणि पीएच एका झटक्यात आकाशाला नेतो. चौथी गोष्ट मिठाची, ती सांगून झाली.

आणखी एक. भरडीसाठी समुद्रातलं प्रवाळ उचलून आणू नका. प्रवाळाला वन्यजीव संरक्षण कायद्याचं पहिल्या अनुसूचीतलं संरक्षण आहे. मालवणात तर १९८७ पासून सागरी अभयारण्यच आहे. तिसऱ्यांनी काम भागत असताना ती उठाठेव कशाला?

टप्पा ३: दगड काचेवर, वाळू नंतर

आधी दगड, मग वाळू. हा क्रम उलटा केलेल्या टाक्या मी फुटताना पाहिल्या नाहीत, पण दगड कलंडून काचेला तडा गेलेली एक टाकी पाहिली आहे. मासे दगडाखालची वाळू उपसतात आणि एका रात्री सगळी रास सरकते. म्हणून टाकीच्या तळाला थर्माकोलचा पातळ तुकडा किंवा प्लास्टिकची जाळी घाला, त्यावर मोठे दगड पक्के बसवा, हलवून बघा, आणि मग भोवती वाळू भरा.

काळवत्री दगड बिनधोक. जांभा चालतो, पण नुकताच कापलेला नको, तो मऊ असतो आणि लाल गाळ सोडत राहतो. कुंपणावर किंवा जोत्यापाशी पावसाळे खाऊन कडक झालेला तुकडा शोधा आणि धुतलेलं पाणी नितळ दिसेपर्यंत घासत राहा. जांभ्याची भोकं आपल्या कामी येणार आहेत. अनुबियासची मुळं त्यात अशी बसतात की वर्षभराने दगड फोडल्याशिवाय निघत नाहीत.

वाळू नदीची घ्या. ‘रेती’ म्हणून गाडीतून येते ती पुष्कळदा खाडीची असते. मूठभर रेती पेलाभर पाण्यात ढवळून पाण्याची चव घेऊन बघा, जीभ लगेच सांगेल. तीन-चार सेंटिमीटर थर पुरे.

सावध: बाजारात झाडांच्या टाकीसाठी म्हणून मिळणारी काळी दाणेदार माती इथे नको. ती मऊ पाण्याच्या टाकीसाठी बनवलेली असते आणि केएच-पीएच दोन्ही खाली ओढते. तुम्ही वरून सोडा घालणार आणि ती खालून खाणार. शेणखत, गांडूळखत, अंगणातली काळी माती, यांतलं काहीच नको. त्याचं कारण टप्पा ६ मध्ये.

टप्पा ४: झाडं मोजकीच, पण ठरलेली

यादी छोटी आहे आणि ती छोटीच बरी.

अनुबियास पहिलं. पान जाड, चामड्यासारखं, चवीला कडवट असावं, कारण मासे एकदा चावून बघतात आणि नाद सोडतात. जावा फर्नचंही तसंच. ही दोन्ही दगडावर वाढतात, वाळूशी त्यांना देणंघेणं नाही. म्हणजे उकरणाऱ्या माशाचा प्रश्नच मिटला. पहिल्या टाकीत फक्त ही दोन लावलीत तरी टाकी हिरवी दिसेल.

तिसरं व्हॅलिस्नेरिया. ही मलावी सरोवराच्या उथळ वाळूतही सापडते, म्हणजे माशांच्या माहेरची. जड पाण्यातल्या बायकार्बोनेटमधून ती स्वतःला लागणारा कार्बन ओढून घेते, त्यामुळे आपल्या सोड्याच्या पाण्यात ती जास्तच खुलते. कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरवर पैसे घालवू नका.

सेराटोफायलम, म्हणजे तळ्यातलं ब्रशसारखं दिसणारं बिनमुळांचं झाड, तंगूसने कोपऱ्यात बांधून तरंगतं ठेवायचं. मासे ते खातात. खाऊ देत. ते त्यासाठीच आहे, आणि वाढतंही तितक्याच वेगाने. क्रिनम घ्यायचं तर कांदा दोन-तृतीयांशच पुरा. ते रुजायला महिने घेतं, म्हणून हौस असली तरच.

लाल पानांची, नाजूक देठांची, गालिच्यासारखी पसरणारी झाडं आणू नका. काबोंबा तर एका दुपारी संपतो.

व्हाळातून किंवा शेताच्या पाटातून झाडं उपटून आणायचा मोह होतो. टाळा. त्यांच्याबरोबर गोगलगायी, जळवा आणि फवारणीचं औषध येतं. आणि आपल्या ओहोळांतल्या काही पाणवनस्पती जगात दुसरीकडे कुठे नाहीत.

टप्पा ५: लावणी

झाडं घरी आली की प्लास्टिकच्या कुंड्या, शिसाच्या पट्ट्या, लोकरीसारखा कापूस सगळं काढून टाका. पोटॅशियम परमँगनेटच्या फिकट गुलाबी पाण्यात दहा मिनिटं बुडवा, व्हॅलिस्नेरिया पाचच मिनिटं, मग दोन-तीनदा स्वच्छ पाण्यात धुवा. यासाठी लागणारी बादली नवी घ्या. सुपारीवर किंवा आंब्यावर बोर्डो मारायला वापरलेली बादली कितीही धुतली तरी तिच्यातला मोरचूद माशांना पुरून उरतो.

अनुबियास आणि जावा फर्न: झाड हातात धरून बघा. पानांच्या बुडाशी आल्याच्या कुडीसारखं आडवं, जाड खोड दिसेल. आलं-हळद पुरतो तसं हे पुरायचं नाही. पुरलंत की पंधरा दिवसांत खोड मऊ पडून कुजतं आणि पानं एकेक करून सुटतात. ‘अनुबियास मेलं’ म्हणून जे फोटो येतात, त्यांतली बहुतेक पुरलेली असतात. मुळं तीनेक सेंटिमीटर ठेवून बाकी कापा. दगडाची जागा फडक्याने कोरडी करा, मुळं टिपून घ्या, फेविक्विकचा एक थेंब मुळांवर, खोडावर नाही, आणि अर्धा मिनिट दाबून धरा. पांढरा डाग दिसेल, तो महिन्याभरात हिरवट होऊन मिटतो. जांभ्याच्या भोकात मुळं खोचून वरून तंगूसचे दोन वेढे दिले तर गोंदाचीही गरज नाही.

उकळून पाण्याचा रंग गेलेली करवंटीही चालते. उपडी ठेवून वर झाड बांधायचं, खाली पिल्लांना घर. दोनेक वर्षांत ती भुसभुशीत होते, तेव्हा झाड दुसऱ्या करवंटीवर.

व्हॅलिस्नेरिया: वाळूत थेट लावू नका. माझ्या वीस काड्या आठवा. चार-पाच इंची मातीची कुंडी घ्या, रंग न दिलेली. तळाशी जांभ्याच्या लाल मातीच्या लिंबाएवढ्या दोन गोळ्या ठेवा. माती वरच्या थरातली नको, फूट-दीड फूट खालची, पालापाचोळा नसलेली. गोळ्या उन्हात खडखडीत वाळवलेल्या हव्यात. परदेशात हीच लाल माती ‘लॅटेराइट’ म्हणून पिशवीत भरून झाडांच्या टाक्यांसाठी विकली गेली आहे. आपण तिच्यावर घरं बांधतो. तिच्यातलं लोह मुळांना मिळतं.

गोळ्यांवर वाळू भरा, एका कुंडीत पाच-सहा रोपं लावा. पानांच्या बुडाशी पांढरी मान असते, ती वाळूच्या वर राहिली पाहिजे. मग रोपांच्या मधून मधून अंड्याएवढे गोटे दाटीने रचा. इतके की बोट वाळूपर्यंत जाऊ नये. बोट जात नाही तिथे माशाचं तोंडही जात नाही. कुंड्या मागच्या दगडांआड दडवा. दोन महिन्यांनी धावते देठ बाहेर पडून आपणच जागा शोधतात, आणि अशी स्वतःहून रुजलेली रोपं मासे सहसा उपटत नाहीत.

तपासणी: दिवा लावण्याआधी प्रत्येक झाडाला बोटाने हलका धक्का द्या. हललं तर ते लागलेलं नाही.

टप्पा ६: सहा ते आठ आठवडे काहीच करू नका

हाच टप्पा लोक गाळतात. टाकी भरली, झाडं लागली, पाणी नितळ झालं, दिवा लागला. मग मासे का नाहीत, असं घरातली पोरं विचारतात, शेजारी विचारतात, आणि तिसऱ्या दिवशी माणूस दुकानात उभा असतो.

पहिल्या पंधरवड्यात पानं गळणार. दुकानातली पुष्कळ झाडं पाण्याबाहेर वाढवलेली असतात, त्यांची जुनी पानं पाण्यात टिकत नाहीत. व्हॅलिस्नेरिया तर कधीकधी मुळापर्यंत विरघळल्यासारखी दिसते. कुंडी उपसून बघू नका. मान पांढरी आणि टणक असेल तर झाड जिवंत आहे. विरघळलेली पानं तेवढी काढा.

याच दिवसांत फिल्टर पिकवायचा. रोज चिमूटभर माशांचं खाणं टाका, ते कुजून अमोनिया तयार होईल, अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरात वस्ती करतील. आपल्या टाकीत हे नीट होणं जास्त गरजेचं आहे. पीएच ७ ला पाण्यातल्या एकूण अमोनियाचा शेकडा एक भागही विषारी रूपात नसतो. पीएच ८.२ ला, २७ अंश तापमानात, तो शेकडा नऊ-दहा भाग असतो. तेवढाच अमोनिया, पण विष दहापटीहून जास्त. म्हणूनच शेणखत आणि काळी माती नको म्हटलं. मासा ते उकरून वर काढणार आणि त्यातच मरणार.

दिवा रोज सहा तास, टायमरवर. थेट ऊन येणाऱ्या खिडकीपाशी टाकी नको. दगडांवर पातळ हिरवं शेवाळ धरलं तर घासू नका, म्बुना, म्हणजे मलावीच्या खडकांत राहणाऱ्या बहुतेक सिक्लिडांचा, तो मुख्य आहार आहे.

तपासणी: मासे आणण्याआधी या तीन अटी. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य, सलग आठवडाभर. केएच ठरवलेल्या आकड्याच्या एक अंश वर-खाली. आणि प्रत्येक अनुबियासला निदान एक नवं पान. नवं पान नसेल तर आणखी थांबा.

टप्पा ७: मासे लहान आणा, एकदम आणा

पिवळा लॅबिडोक्रोमिस, ज्याला सगळे इलेक्ट्रिक येलो म्हणतात, तो झाडांच्या टाकीतला सगळ्यात समजूतदार मासा. पीकॉक म्हणजे ऑलोनोकारा वाळू चाळतात, पण पानांना तोंड लावत नाहीत. ऑरॅटस, केनी आणि मोठे झेब्रा नकोत. ट्रॉफियसचा तर जन्मच शेवाळ खरवडण्यात जातो. साधा प्लेको काच साफ करेल म्हणून कुणी देईल, पण रात्री तो अनुबियासच्या पानांना जाळी पाडतो.

तीन-चार सेंटिमीटरची पिल्लं बारा-पंधरा, शक्यतो एकाच दिवशी सोडा. झाडांमध्ये वाढलेल्या पिल्लांना झाड म्हणजे टाकीचा भाग वाटतं. दहा सेंटिमीटरच्या तयार नराला मात्र नवं पान म्हणजे आपल्या घरात कुणी आणलेली अडगळ. सगळे एकदम सोडले की जागेवरची भांडणंही विभागली जातात.

पिल्लं मोठी झाली की एका नरामागे तीन माद्या राहतील असं बघा, जादा नर काढा. नर गुहेपुढचा खड्डा खणतोच. त्याने निवडलेल्या जागेजवळची कुंडी तुम्ही हलवा. तो हलणार नाही.

टप्पा ८: पोट भरलेला मासा

बहुतेक म्बुना जवळजवळ शाकाहारी. स्पिरुलिना असलेलं बारीक दाणेदार खाणं दिवसातून दोनदा, दोन मिनिटांत संपेल इतकंच. आठवड्यातून दोनदा उकळत्या पाण्यातून काढलेलं पालकाचं पान किंवा काकडीची चकती दगडाखाली दाबून ठेवा. चार तासांनी उरलेलं काढा. ज्यांना पालक मिळतो ते व्हॅलिस्नेरियाकडे फिरकत नाहीत.

आता जवळ्याविषयी. आपल्याकडे माशांना सुका जवळा टाकणं इतकं अंगवळणी पडलं आहे की कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही. एकदा माझ्या गैरहजेरीत मामाने आठ दिवस मूठमूठ जवळा टाकला. परत आलो तर दोन येलो पोट फुगवून कोपऱ्यात, खाण्याकडे पाठ, पांढरी दोऱ्यासारखी विष्ठा. ‘अरे, कसले तुटून पडायचे!’ मामा कौतुकाने सांगत होता. बहुतेक म्बुनांची आतडी लांब, शेवाळ पचवायला केलेली. प्राण्यांच्या मांसाचा मारा झाला की पोटाचं दुखणं मागे लागतं. दोघांपैकी एक वाचला. गावाला जाताना आता मी खाणं कागदाच्या पुड्यांत बांधून ठेवतो, एका दिवसाची एक पुडी, आणि जवळ्याचा डबा कपाटात.

टप्पा ९: खत शेतीच्या दुकानातून, पण पिशवी नीट वाचून

नायट्रेट आणि फॉस्फेट मासे पुरवतात. कमी पडतात पोटॅशियम आणि लोह. जावा फर्नच्या जुन्या पानांवर काळपट डाग पडून भोकं दिसायला लागली की पोटॅशियम. नवी पानं पिवळट, शिरा तेवढ्या हिरव्या, की लोह.

पोटॅशियमसाठी ०:०:५० म्हणजे सल्फेट ऑफ पोटॅश, २०० लिटरला आठवड्याला २ ग्रॅम. लोहासाठी ईडीडीएचए प्रकारचं चिलेटेड आयर्न मागा. साधं ईडीटीए जड पाण्यात, पीएच ७ च्या वर टिकत नाही, लोह गाळ होऊन बसतं. ६ टक्के लोह असलेलं ५ ग्रॅम अर्ध्या लिटर पाण्यात विरघळवून बाटली भरून ठेवा, त्यातलं ३० मिलि आठवड्यातून एकदा. पाण्याला दिवसभर हलकी लाली येते, घाबरू नका.

सावध: १९:१९:१९ नको. कलमांना फवारून उरलेली पिशवी घरात असते म्हणून लोक तीच वापरतात. तिच्यात युरिया आणि अमोनियाच्या रूपातला नायट्रोजन आहे. आठ पीएचच्या पाण्यात त्याचा अर्थ काय ते वर आलंच आहे. ‘लिक्विड कार्बन’ म्हणून मिळणारं द्रवही नको. त्यात बहुधा ग्लुटराल्डिहाइड असतं आणि व्हॅलिस्नेरिया त्याने विरघळते.

टप्पा १०: आठवड्याचं पाणी, पावसाळा आणि मे

दर आठवड्याला ५० लिटर पाणी बदला. नवं पाणी पिंपात आदल्या दिवशी तयार करायचं: हवा सोडायची, ९ ग्रॅम सोडा, ९ ग्रॅम एप्सम, ढवळून रात्रभर ठेवायचं. हा हिशेब विहिरीचा केएच २ धरून आहे.

जून लागला की तो धरता येत नाही. जोराच्या पावसानंतर विहीर वर येते आणि केएच जवळजवळ शून्यावर जातो. म्हणून पावसाळ्यात प्रत्येक पिंप मोजायचं आणि सोडा त्यानुसार. विहिरीत टीसीएल (क्लोरीनची पावडर) पडलं असेल तर त्या आठवड्यात पाणी बदलणं पुढे ढकला, किंवा सोडियम थायोसल्फेट असलेलं क्लोरीन मारायचं औषध वापरा.

लाईट जाणार, हे धरूनच चाला. बॅटरीवर चालणारा एअर पंप टाकीशेजारी टांगलेला असू द्या. झाडं अंधारात ऑक्सिजन देत नाहीत, उलट खातात. रात्री लाईट गेली तर दाट झाडांची टाकी मोकळ्या टाकीपेक्षा लवकर घुसमटते. फिल्टर चार-पाच तासांहून जास्त बंद राहिला तर सुरू करण्याआधी त्यातला स्पंज टाकीच्याच पाण्यात पिळून घ्या. नाहीतर आत साचलेलं सडकं पाणी एकदम टाकीत येतं.

मे महिन्यात पाण्यावर पंखा लावायचा सल्ला घाटावर ठीक आहे. आपल्या दमट हवेत पाणी फारसं उडत नाही, त्यामुळे टाकी एखाद्या अंशानेच उतरते. त्यापेक्षा दिव्याचे तास वाढवले असतील तर पुन्हा सहावर आणा, दिवा सकाळी लवकर लावा, बुडबुडे वाढवा आणि खाणं अर्ध्यावर आणा.

छाटणी करताना व्हॅलिस्नेरियाचं पान मधून कापू नका, कापलेलं टोक करपतं. लांबलेलं पान बुडातून काढा. अनुबियासचं खोड वीतभर झालं की धारदार पात्याने दोन तुकडे करा, प्रत्येक तुकड्यावर निदान चार पानं हवीत. नवा तुकडा नव्या दगडावर, तोच थेंब, तेवढाच अर्धा मिनिट. जादा झाडं ओळखीत वाटा. उरलेली आणि काढलेली पानं व्हाळात किंवा तळ्यात टाकू नका, मासे तर नाहीच नाही. पिंपभर बदललेलं पाणी आणि ती पानं, दोन्ही माडाच्या आळ्यात.